इगर्जेच्या मागे मागे

साल १७४६, हिवाळ्याचे पहिले दिवस. तेरेखोलच्या किल्ल्याच्या दारात तुम्ही उभे आहात. खाली नदी समुद्राला मिळते आहे, पलीकडे केरीची वाळू दिसते आहे. परवापर्यंत इथे सावंतवाडीच्या भोसल्यांचा हुकूम चालत होता. आता बुरुजावर पोर्तुगालचे निशाण आहे आणि चौकात दोन शिपाई चुन्याच्या घमेल्यावरून भांडता भांडता एकच शब्द घोळवताहेत, इग्रेजा, म्हणजे चर्च. पुढे या चौकात ती सांत आंतोनीच्या नावाने उभी राहणार आहे. तुमच्या शेजारी ओझे उतरवून बसलेला बारदेशी हमाल तोच शब्द आपल्या जिभेवर घासून म्हणतो, ‘इगर्ज’. त्याच्या घरात हा शब्द पणजोबांपासून आहे. पेडण्याच्या या टोकाला तो आत्ता कुठे राहायला येतो आहे.

शब्द ये-जा करतात. याच वर्षी याच फौजेने पेडण्यातला हळर्णचा किल्ला घेतला आणि त्या पराक्रमापायी व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मेदा ‘मार्केज द आलोर्ना’ झाला. आलोर्ना म्हणजे आपले हळर्ण. त्याची नात पुढे तिकडे लिस्बनमध्ये ‘मार्केझा द आलोर्ना’ या नावाने मोठी कवयित्री म्हणून गाजली. पोर्तुगीज साहित्याचा इतिहास वाचणाऱ्या कितीजणांना शापोरा नदीकाठचा हा गाव ठाऊक असेल, देव जाणे. हळर्ण तिकडे गेले, इगर्ज इकडे आली. आपण आज दुसरीच्या मागावर आहोत, आणि ती आली त्या वाटेने उलट चालत जायचे आहे.

दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे या. तुम्ही डिचोलीच्या बाजूला, नार्व्याच्या धक्क्यावर होडीची वाट पाहत आहात. साल साधारण १५८०. तुमच्या पायाखालची जमीन विजापूरच्या आदिलशहाची, समोर मांडवीच्या पलीकडे दिसणारे दिवाडी बेट पोर्तुगालच्या राजाचे. मधल्या पाण्याला सरहद्द म्हणतात. पलीकडच्या काठावर पूर्वी सप्तकोटेश्वर होता. देवळे पाडण्याचा सपाटा १५४० च्या सुमारास सुरू झाला, आणि देव पाणी ओलांडून अलीकडे आला. ज्या गावातून निघाला त्याचे नावही त्याने बरोबर आणले, म्हणून तुम्ही उभे आहात तेही नार्वेच. या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराज करतील १६६८ मध्ये. त्याला अजून बराच अवकाश आहे.

पलीकडून घांट वाजते. होडीवाला मान न वळवता सांगतो, ‘इगर्जेची.’ तो बोट दाखवतो ते एका इमारतीकडे. जांभ्या दगडाच्या भिंती, वर शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा हात, उन्हात डोळे दिपतील असा. त्याला विचारा, इगर्ज म्हणजे काय. तो म्हणेल, ती काय समोर. भिंती, छप्पर, घांट. माणसे त्यात जातात आणि बाहेर येतात. पण माणसे म्हणजे इगर्ज नव्हे. होडीवाल्याचे चुकत नाही. पोर्तुगीज जहाजातून हा शब्द उतरला तेव्हाच तो दगडाचा झालेला होता.

आता होडीत बसा आणि पलीकडे उतरून गावात जरा कान द्या. दिवाडीचे गांवकार, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतले पुरुष, जमले आहेत. वांगडावार, म्हणजे कुळांप्रमाणे, बसले आहेत, कोण आधी, कोण नंतर, विडा आधी कोणाला, हे ठरलेले आहे. जुन्या रिवाजाप्रमाणे एकाने जरी ‘नाका’ म्हटले तरी ठराव अडतो. खाजणाचे बांध, पाण्याच्या वाटा, शेतांची पावणी (लिलाव) हे सगळे इथे ठरते. आणि अलीकडे आणखी एक बाब या हिशेबात शिरली आहे: इगर्जेचा खर्च. देवळांच्या जमिनी इगर्जांकडे गेल्या, आणि गांवकरीच्या उत्पन्नातून इगर्जेची डागडुजी, फेस्ताची मेणबत्ती असे खर्च निघू लागले. तुम्हाला इथे हसू येईल, पण त्याचे कारण आणखी दोन हजार वर्षे मागे गेल्याशिवाय कळणार नाही. ज्या शब्दाचा अर्थ मुळात ‘गावची बैठक’ असा होता, त्या शब्दाच्या इमारतीसाठी गावची बैठक पैसे मोजते आहे.

वाटेत १५२६ साली थांबावेच लागेल, कारण त्या वर्षी दोन ठिकाणी एकाच गोष्टीवर शाई पडते आहे. गोव्यात आफोन्सु मेशिया हा पोर्तुगीज अधिकारी तिसवाडीच्या गांवकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून काढतो आहे, ‘फोराल’ म्हणून. कोणी बसायचे, कोणी बोलायचे, कर कसा वाटायचा. त्याच वर्षी जर्मनीत वर्म्स गावी विल्यम टिंडल या इंग्रजाने बायबलचा नवा करार मूळ ग्रीकवरून इंग्रजीत छापला. ग्रीकमध्ये ‘एक्लेसिया’, म्हणजे आपल्या इगर्जेचा मूळ शब्द, आला की बाकीचे ‘चर्च’ लिहीत, याने ‘जमाव, सभा’ अशा अर्थाचा ‘काँग्रिगेशन’ लिहिला. टॉमस मोरसारखा विद्वान खवळला. बरोबर आहे. चर्च म्हणजे धर्मपीठ, पाद्री, मालमत्ता, अधिकार. काँग्रिगेशन म्हणजे जमलेली माणसे. एका शब्दाच्या भाषांतरात पोपची सत्ता लोंबकळत होती. टिंडलला १५३६ मध्ये पाखंडी म्हणून मारले गेले. आणि १६०४ मध्ये जेम्स राजाने नव्या भाषांतराची आज्ञा दिली तेव्हा भाषांतरकारांना मिळालेल्या नियमांत हे स्पष्ट लिहिले होते की ‘चर्च’च्या जागी ‘काँग्रिगेशन’ घालू नये.

मराठी बायबल मात्र गुमान टिंडलच्या पंगतीला जाऊन बसले. तिथे एक्लेसियाला ‘मंडळी’ म्हणतात, आणि माझ्या मते याहून नेमका शब्द भारतीय भाषांत शोधून सापडणार नाही. त्यात भिंत नाही, छप्पर नाही, माणसेच आहेत. शिवाय एक गंमत अशी की पौलाच्या परंपरेत एक्लेसियाला ख्रिस्ताची वधू म्हटले आहे, आणि आपल्याकडे जुन्या वळणाचा माणूस बायकोचे नाव घ्यायला लाजतो तेव्हा ‘आमची मंडळी’ म्हणतो. भाषांतर करणाऱ्यांनी हा योग मुद्दाम जुळवला असेल असे वाटत नाही.

आणखी मागे. पोर्तुगालमधून जाताना थांबू नका, तिथे फक्त उच्चार बदलले. लॅटिन ‘एक्लेसिआ’मधल्या ‘क्ल’चा ‘ग्र’ झाला आणि शेवटच्या ‘सिआ’चा ‘जा’. चीजला लॅटिनमध्ये ‘कासेउस’ म्हणत, त्याचे ‘केइजु’ झाले त्याच चालीने. स्पेनमध्ये ‘इग्लेसिया’, फ्रान्समध्ये ‘एग्लीज’. पोर्तुगीज गलबतांनी हा शब्द बंदराबंदरांत उतरवला. मलाक्क्याकडे तो ‘गेरेजा’ झाला, हिंदुस्तानात ‘गिरजा’, आणि त्याला ‘घर’ जोडून गिरजाघर. इंग्रजीतला ‘चर्च’ही ग्रीकच, पण या घराण्यातला नव्हे, तो ‘प्रभूचे’ अशा अर्थाच्या दुसऱ्याच शब्दावरून आला.

इसवी सन २४०. युफ्रेटिस नदीच्या काठी, रोमच्या साम्राज्याच्या पार कडेला, दुरा-युरोपस नावाचे छावणीचे गाव. तटबंदीला लागून एक घर आहे, अंगणाभोवती खोल्या असलेले, आजूबाजूच्या घरांसारखेच. बाहेरून काही कळत नाही. आत गेल्यावर दिसते की दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक लांबट दालन केले आहे. साठ-सत्तर माणसे दाटीवाटीने बसतील एवढे. बाजूच्या छोट्या खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड आणि भिंतीवर रंगवलेली चित्रे. याच रस्त्यावर पलीकडे यहुद्यांचे सभास्थान आहे. ख्रिस्ती उपासनेची जी इमारत आज निश्चितपणे ओळखता येते, तिच्यात ही सगळ्यात जुनी. २५६ मध्ये इराणी सासानी फौज येईल, तट भक्कम करायला रोमन सैन्य या ओळीतली घरे मातीने भरून टाकेल, आणि त्यामुळेच ती १९३० च्या दशकात उत्खननात जशीच्या तशी सापडतील. ख्रिस्त होऊन दोनशे वर्षे उलटली आहेत आणि इमारत म्हणावी तर ही, भिंत पाडलेले एक राहते घर. ‘एक्लेसियाला चला’ असे इथे कोणी म्हटले तर तो दगडांकडे नव्हे, माणसांकडे बोलावतो आहे.

आता इफिसस, साल ५५ च्या आगेमागे, आणि इथे मात्र जागा धरून बसा.

हे आशिया मायनरचे मोठे बंदर. डोंगराच्या कुशीत कोरलेले नाट्यगृह, वीस हजारांहून जास्त माणसे मावतील असे. आज ते भरले आहे. नाटक नाही. देमेत्रियस नावाचा एक चांदीकारागीर, जो आर्तेमिस देवीच्या देव्हाऱ्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवून विकतो, त्याने धंदेवाल्यांना जमवले आहे. पौल नावाचा कोणी यहुदी सांगत फिरतो की हाताने घडवलेले देव देव नव्हेत. असे चालले तर आपले पोट कसे भरायचे? धंद्याची काळजी आणि देवीचा अपमान अशी दोन कारणे एकत्र आली की गाव पेटायला वेळ लागत नाही. लोक धावत सुटले आहेत, पौलाच्या दोन सोबत्यांना ओढत आणले आहे. दोन तास एकाच घोषणेचा गजर चालला आहे. तुमच्या उजव्या बाजूचा माणूस घसा बसेपर्यंत ओरडतो आहे. त्याला विचारा, कशासाठी? त्याला माहीत नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा लेखक हीच गंमत नोंदवून ठेवतो, की बहुतेकांना आपण का जमलो हेच ठाऊक नव्हते.

या गोंधळाला तो लेखक ग्रीकमध्ये काय म्हणतो? एक्लेसिया. शेवटी नगराचा कारकून उठतो, लोकांना गप्प करतो आणि सांगतो की तक्रार असेल तर न्यायालये उघडी आहेत, बाकीचे काही असेल तर कायदेशीर एक्लेसियात मिटवा. मग तो एक्लेसिया बरखास्त करतो. एकाच प्रसंगात शब्द तीनदा, आणि एकदाही ख्रिस्ती अर्थाने नाही.

आता बाहेर पडा आणि याच शहरात गल्लीतल्या एका घरात शिरा. अक्विला आणि प्रिस्का हे राहुटी शिवणारे नवरा-बायको इथे राहतात, पौलाचाही धंदा तोच. संध्याकाळी पाच-पन्नास माणसे जमतात: गुलाम, बंदरावरचे मजूर, एखादी खाऊनपिऊन सुखी असलेली विधवा. पौल याच शहरातून करिंथला पत्र पाठवतो आणि त्यात या घरात जमणाऱ्यांचा नमस्कार कळवतो. त्या जमण्याला तो म्हणतो, एक्लेसिया. नाट्यगृहातली वीस हजारांची ओरड आणि गल्लीतल्या घरातली पन्नास माणसांची प्रार्थना, शब्द एकच. ऐकणाऱ्याला यात विसंगती वाटत नव्हती, कारण त्याच्या कानाला शब्दात धर्म नव्हताच. माणसे जमली, एवढेच होते.

मग यहुद्यांच्या धर्मग्रंथाशी त्याचा संबंध कधी आला? त्यासाठी इजिप्तमध्ये आलेक्झांड्रियाला, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात डोकावून या. हिब्रू विसरून ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांसाठी तोरा ग्रीकमध्ये आणण्याचे काम चालले आहे. बहात्तर पंडितांची दंतकथा नंतरची. तुम्हाला दिसतील ती खरडणारी, खोडणारी माणसे. हिब्रूत ‘काहाल’ म्हणजे देवासमोर जमलेले सारे इस्राएल. पहिल्या चार ग्रंथांत भाषांतरकारांनी त्याला ‘सिनागोगे’ म्हटले, म्हणजे एकत्र आणणे. पाचव्या, ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथापासून ‘एक्लेसिया’ पुढे आला. हात बदलला असेल, रुची बदलली असेल. पुढे यहुदी सभास्थानाच्या वाट्याला पहिला शब्द गेला आणि ख्रिस्तींनी दुसरा उचलला. दोन्हींचा अर्थ जमणे असाच, आणि दोन्ही शेवटी इमारती झाले.

शेवटचा टप्पा, अथेन्स, इ.स.पू. ३९१ च्या आसपासची पहाट. प्निक्स टेकडीचा चढ चढा. डुकराची पिल्ले बळी देऊन सभास्थळाभोवती फेरी मारली गेली आहे, जागा शुद्ध झाली. चौकात गप्पा छाटत रेंगाळणाऱ्यांना हाकण्यासाठी काव लावलेला दोर आहे. कपड्यावर लाल डाग पडला की उशीर झाल्याची कबुली. हल्ली हजेरीचे तीन ओबोल मिळतात, त्यामुळे गर्दी बरी. दवंडी देणारा उभा राहतो आणि विचारतो, कोणाला बोलायचे आहे? युद्ध, धान्य, परराष्ट्राचे वकील, सगळे इथेच ठरते, हात वर करून. त्या हात वर करण्याला ‘खेइरोतोनिया’ म्हणतात. शेकडो वर्षांनी पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत पाद्र्याच्या दीक्षेला हाच शब्द लागेल.

तुमच्याबरोबर एखादी बाई आली असेल तर तिला पायथ्याशीच थांबवले जाईल. गुलामालाही, परगावच्या माणसालाही. बायका खोट्या दाढ्या लावून एक्लेसियात शिरतात आणि सत्ता ताब्यात घेतात, असे एक प्रहसन अ‍ॅरिस्टोफेनिसने याच सुमारास लिहिले, आणि लोक पोट धरून हसले. दिवाडीचे गांवकारही पुरुषवंशाचेच असत, आणि गावातल्या निम्म्याअधिकांना त्या बैठकीत बसायला जागा नव्हती, हे विसरून गांवकरीचे गोडवे गाणाऱ्यांचा मला कंटाळा येतो.

टेकडीवर शब्दाची फोड ऐकू येते ती खरी आहे. ‘एक’ म्हणजे बाहेर, ‘कालेइन’ म्हणजे हाक मारणे. घराघरांतून हाक मारून बाहेर काढलेले लोक. यावरून प्रवचनकारांनी मोठा मळा फुलवला, की एक्लेसिया म्हणजे देवाने जगातून वेगळे काढलेले, निवडलेले लोक. ऐकायला छान आहे. पण अथेन्समध्ये हा शब्द उच्चारणाऱ्याच्या मनात निवड नव्हती की वैराग्य नव्हते. दवंडी ऐकून सभेला आलेली माणसे होती. जेम्स बार या स्कॉटिश अभ्यासकाने १९६१ मध्ये बायबलच्या शब्दांवर एक कडक पुस्तक लिहून हीच सवय झोडपली: शब्दाचे मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. मराठी माणसाला हे पटायला पुस्तक लागत नाही. ‘गोष्ठ’ म्हणजे गाईंचा गोठा, त्यावरून ‘गोष्ठी’ म्हणजे एकत्र बसलेली मंडळी, मग त्यांचे बोलणे, आणि आपल्याकडे ‘गोष्ट’. आजीने गोष्ट सांगायला घेतली तर कोणाला शेणाचा वास येत नाही. गंमत अशी की गोष्ट जागेकडून माणसांकडे आणि बोलण्याकडे गेली, इगर्ज बरोबर उलट्या वाटेने.

परतताना पेडण्यात एकदा उतरा, सावंतांच्या अमलातल्या कुठल्याही वर्षी. सातेरीच्या देवळासमोर गाव उभा आहे. मानकरी आपापल्या जागी. गाऱ्हाणे घालणारा देवीला साकडे घालतो, पावसाचे, गुराढोरांचे, गावावरच्या पीडेचे, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी सारा जमाव एका दमात म्हणतो, ‘व्हय म्हाराजा!’ टेकडीवरून आलेला ग्रीक इथे असता तर त्याने या उभ्या गावाला बिनदिक्कत एक्लेसिया म्हटले असते. दिवाडी बेटावरच्या पांढऱ्या इमारतीला म्हणायला मात्र तो अडखळला असता.

पण ग्रीकाच्या नजरेआड एक गोष्ट राहिली असती. पोर्तुगीज गलबतातून इग्रेजाबरोबर तिची एक सख्खी बहीणही उतरली होती. लॅटिनमध्ये ‘फिलिउस एक्लेसिए’, एक्लेसियाचा पुत्र, म्हणजे त्या वस्तीतला भाविक. घासून घासून त्याचा पोर्तुगीजमध्ये ‘फ्रेगेज’ झाला, त्यांच्या वस्तीला ‘फ्रेगेझिया’. कोंकणीत तीच ‘फिर्गज’. इगर्ज म्हणजे भिंती, फिर्गज म्हणजे माणसे. (दुकानातल्या नेहमीच्या गिऱ्हाइकालाही पोर्तुगीज ‘फ्रेगेज’च म्हणतात, ते जाऊ दे.) दगड झालेल्या शब्दाच्या पोटातून माणसे अशी दुसऱ्या दाराने पुन्हा बाहेर आली, आणि वेगळ्या नावाने गावात राहिली.

आता आजच्या रविवारी या. मये, डिचोली तालुका. गोव्यात ग्रामसभा रविवारी घेतात. हॉलमध्ये पंखे फिरताहेत, प्लास्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या म्हणून तरुण मुले भिंतीला टेकून उभी. मयेच्या जमिनी एकेकाळी कोंदीच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या उमरावाच्या, गोवामुक्तीनंतर ‘स्थलांतरित मालमत्ता’ म्हणून सरकारच्या ताब्यात गेलेल्या; तो विषय निघाला की आवाज चढतो. त्यानंतर खाणीच्या ट्रकांची धूळ, त्यानंतर नळाचे पाणी. सचिव मागच्या सभेचे इतिवृत्त वाचायला उठतो, ते कायम करण्याआधीच मागून एक बाई उभी राहते आणि म्हणते की तिने मागच्या वेळी जे सांगितले होते ते यात लिहिलेलेच नाही. सरपंच तिला बसायला सांगतो. ती बसत नाही. चार जण तिच्या बाजूने, तीन जण विरुद्ध, आणि उरलेले कशासाठी ओरडताहेत हे त्यांनाच ठाऊक. सचिव पेन उघडतो आणि तिचे म्हणणे नव्याने लिहून घेतो.